‘सुटलो’ वाटल्यानंतर: व्यक्तिकेंद्रित समुपदेशनातलं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करून, ते माणूस गेल्यावर समुपदेशनाला येणाऱ्यांच्या बोलण्यात जे वारंवार सापडतं, ते एकत्र करून हे रचलं आहे. त्यामुळे कुणाची ओळख उघडी पडत नाही आणि मला तपशिलात मोकळेपणानं शिरता येतं. व्यक्तिकेंद्रित समुपदेशनात घडतं काय, हे तत्त्वांच्या यादीतून फारसं कळत नाही. कोण काय म्हणालं, त्यावर काय बोललं गेलं आणि काय बोलायचं टाळलं गेलं, यातून ते कळतं.

कोण, कशासाठी

गृहस्थांचं वय ४६. एका कंपनीच्या लेखापरीक्षण विभागात नोकरी. बायको, कॉलेजात शिकणारी मुलगी. आईला स्मृतिभ्रंश होता आणि निदानापासून शेवटपर्यंतची साधारण सहा वर्षं तिचं सगळं मुख्यतः यांनीच केलं. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. तो पैसे पाठवायचा, फोन करायचा.

आई जाऊन पाच महिने झाले तेव्हा छातीवर दडपण येऊ लागलं म्हणून ते डॉक्टरांकडे गेले. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी नैराश्याचा अंदाज घेणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. गुण मध्यम पातळीचे आले. त्यातला नववा प्रश्न मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हा असतो. त्यापुढे त्यांनी ‘काही दिवस’ यावर खूण केली होती. डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं आणि स्वतःची देखरेखही चालू ठेवली. हे दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. समुपदेशन सुरू झालं म्हणून शरीराकडे बघणं थांबत नाही.

पहिल्या भेटीत आधी व्यवहाराचं बोलणं झालं: आठवड्यातून एकदा, ५० मिनिटं, बोलणं आमच्यातच राहील, मात्र त्यांच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प राहणार नाही. मग मी नवव्या प्रश्नाबद्दल सरळ विचारलं. व्यक्तिकेंद्रित समुपदेशक प्रश्नच विचारत नाही, समोरचा नेईल तिकडे नुसता जातो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही. आत्महत्येबद्दल उघड विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट आधीच असलेला विचार बोलून दाखवायला वाट मिळते.

“मरायचं नाहीये मॅडम,” ते म्हणाले. “फक्त सकाळी उठायचं नाहीये.”

योजना नव्हती, साधन जमवलेलं नव्हतं, पूर्वी कधी प्रयत्न केलेला नव्हता. हे तिन्ही मी स्पष्ट विचारून घेतलं, आणि पुढेही अधूनमधून विचारत राहिले. विचार वाढले तर रात्री-बेरात्री कुणाला गाठायचं, हेही आम्ही त्याच भेटीत ठरवलं.

झोपेचं त्यांनी असं सांगितलं: “अडीचला जाग येते. मग काही नाही. नुसता बसतो.” अडीच ही आईची उठून घरभर फिरायला लागायची वेळ होती.

कौतुकाचा जाच

सुरुवातीच्या भेटींत ते आईबद्दल बोलतच नसत. आजाराबद्दल बोलत, औषधांबद्दल, आजारी माणसाला कसं सांभाळायला हवं त्याबद्दल. सगळं नीट, मुद्देसूद, जणू अहवाल सादर करताहेत. भावाबद्दल एकच वाक्य: “त्याच्या अडचणी असतात.” स्वतःबद्दल विचारलं तर उत्तर यायचं, “माणूस थकतो, चालायचंच.”

एक गोष्ट मात्र वेगळ्या स्वरात आली. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना श्रावणबाळ म्हणत होता. हे सांगताना त्यांचा जबडा आवळला गेला.

मी म्हटलं, “लोक कौतुक करतात, आणि ते तुम्हाला सहन होत नाही.”

“सहन होत नाही असं नाही...” ते थांबले. मग म्हणाले, “हो. ओरडावंसं वाटतं.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची ही व्यक्तिकेंद्रित पद्धत म्हणजे समोरच्याचं शेवटचं वाक्य पोपटासारखं परत म्हणणं, अशी तिची टिंगल बरीच झाली. आपल्या कामाचं हे चित्र रॉजर्स यांना अजिबात आवडत नसे. आपण प्रतिध्वनी काढत नाही, आपल्याला कळलंय ते बरोबर आहे का एवढंच तपासून बघतो, असं त्यांनी आयुष्याच्या अखेरीला लिहिलं. वरच्या संवादात तेच झालं. माझं वाक्य थोडं चुकलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी ते दुरुस्त केलं असतं, आणि दुरुस्त करताना स्वतःच्या आत डोकावून पाहिलं असतं. ‘सहन होत नाही असं नाही’ पासून ‘ओरडावंसं वाटतं’ पर्यंत ते स्वतःच गेले.

‘सुटलो’

मग एका भेटीत, वेळ संपायला फार अवकाश नसताना, ते म्हणाले:

“मॅडम, आई गेली त्या सकाळी मला पहिलं काय वाटलं माहितीये? सुटलो.”

आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

या जागी सगळ्यात सोपं वाक्य असतं: असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. ते खरं आहे. दीर्घ आजारानंतर मृत्यू आला की जवळच्यांना सुटका वाटते, हे नवीन नाही. वाक्य प्रेमळही आहे. पण ते मी म्हटलं नाही, आणि का म्हटलं नाही हेच या प्रकरणातून मला सांगायचं आहे.

बायकोनं त्यांना हे आधीच सांगितलं होतं. डॉक्टरांनीही सूचकपणे सांगितलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही, कारण त्या वाक्यात एक घाई आहे. समोरच्यानं आपली गोष्ट पुरती मांडायच्या आत तिचं वजन किती हे आपण ठरवून टाकतो: हलकी आहे, सगळ्यांचीच असते, काळजी करू नकोस. ज्याला ती रात्री अडीच वाजता छातीवर बसलेली जाणवते, त्याला यातून एवढंच कळतं की आपण जे सांगत होतो ते कुणी ऐकलं नाही. तो पुन्हा एकटा पडतो, आणि वर आभारही मानतो. दिलासा देणाऱ्याला मात्र बरं वाटतं. समोरच्याच्या दुःखाशेजारी बसण्याच्या अवघडपणातून त्याची सुटका होते. मला तर वाटतं, आपल्याकडून दिला जाणारा निम्मा दिलासा आपल्या स्वतःसाठीच असतो.

मी म्हटलं, “‘सुटलो’ असं वाटलं. आणि हे बोललं की काहीतरी भयंकर होईल, अशी भीती वाटत होती.”

“भयंकर म्हणजे...” बराच वेळ गेला. “आई गेल्यावर ज्याला सुटलो वाटतं, तो कसला मुलगा?”

“कसला मुलगा.”

त्यानंतर ते रडले. वेळ संपत आली होती, ते मी सांगितलं, आणि पुढच्या भेटीपर्यंत हे घेऊन राहणं त्यांना कसं जाईल हेही विचारलं. आज बरेच दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय, असं ते म्हणाले. लागली नाही. पण पुढच्या आठवड्यात ते वेळेआधी आले होते.

यामागचा विचार

रॉजर्स (१९०२–१९८७) या पद्धतीचा जन्म ११ डिसेंबर १९४० ला मिनेसोटा विद्यापीठात दिलेल्या आपल्या व्याख्यानापासून धरत. तज्ज्ञानं निदान करायचं आणि उपाय सांगायचा, ही तेव्हाची रीत. तिच्याऐवजी, काय दुखतंय आणि कुठल्या दिशेनं जायला हवं हे आलेल्या माणसालाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं, असं ते म्हणू लागले. १९५७ च्या एका निबंधात त्यांनी बदल घडण्यासाठी सहा अटी मांडल्या. दोघांमध्ये मानसिक संपर्क हवा. आलेला माणूस आतून विसंगत, अस्वस्थ असतो. समुपदेशक त्या नात्यात स्वतःशी सच्चा हवा. त्याच्या मनात समोरच्याचा विनाशर्त स्वीकार हवा आणि समोरच्याच्या जगाबद्दल समानुभूती, म्हणजे ते जग त्याच्या नजरेनं समजून घेणं, हवी. शेवटची अट अशी की हा स्वीकार आणि ही समानुभूती निदान थोडी तरी त्या माणसापर्यंत पोचली पाहिजे. या अटी आवश्यक आहेत आणि पुरेशाही आहेत, असा त्यांचा दावा होता. ‘पुरेशा’ या भागावर अजून वाद आहे, आणि तो रास्त आहे.

या प्रकरणात कळीची ठरली ती सहावी अट. समुपदेशकाच्या मनात स्वीकार असून भागत नाही. आणि तो ‘मी तुम्हाला स्वीकारलंय’ असं सांगून पोचतही नाही. ‘सुटलो’ म्हटल्यावर त्यांनी मान वर करून जे पाहिलं, ते हेच शोधत होते: हिचा चेहरा बदलतो का?

विसंगती म्हणजे काय, तेही त्यांच्याकडे पाहून समजतं. आपण कोण आहोत याचं एक चित्र प्रत्येकाच्या मनात असतं, आणि ते बरंचसं लहानपणी कशासाठी माया मिळाली त्यावर बनतं. रॉजर्स यांनी याला मूल्याच्या अटी म्हटलं. ह्या गृहस्थांनी ते शास्त्रीय नाव न ऐकता सांगितलं: “मला शाबासकी मिळायची ती एकाच गोष्टीसाठी. हा कधी कुरकुर करत नाही.” सहा वर्षं कुरकुर न करणारा मुलगा हे त्यांचं चित्र होतं. थकवा, चीड, सुटका यांना त्या चित्रात जागाच नव्हती. त्यामुळे त्या भावना चीड म्हणून जाणवल्याच नाहीत. छातीवरचं दडपण म्हणून आल्या. प्रत्येक कौतुकानं ते चित्र आणखी घट्ट होत होतं, म्हणून कौतुकाचा जाच.

वही

पुढे काही आठवड्यांनी ते एक वही घेऊन आले. आईची औषधं, पाणी, शौच, झोप, सगळ्याच्या वेळा तिच्यात टिपलेल्या. लेखापरीक्षकाची वही, एकही रकाना रिकामा नाही. त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. रात्री ३.१० ची नोंद: गोळी, पाणी. आणि पुढे एकच शब्द: ‘हात’.

त्या रात्री आई चौथ्यांदा दाराकडे निघाली होती. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि इतकं जोरात आवळलं की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. ती घाबरून ओरडली. सकाळी तिला काही आठवत नव्हतं. वळ कशानं उठला ते त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नाही. नोंद मात्र केली.

हे ऐकताना माझ्या पोटात घट्ट झालं. अशा वेळी चेहरा कोरा ठेवणं हे तटस्थपणाचं लक्षण समजलं जातं, पण सच्चेपणाची अट त्याच्या उलट सांगते. मनात येईल ते सगळं बोलून टाकणं, असा तिचा अर्थ नाही. जे ठळकपणे, टिकून जाणवतंय आणि या नात्याला उपयोगी आहे, ते लपवू नये. मी म्हटलं, “हे ऐकताना मला आत घट्ट झाल्यासारखं झालं. त्यांच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही.”

ते चूक नव्हतं, असं मी म्हटलं नाही. एका म्हाताऱ्या, भांबावलेल्या बाईला दुखलं होतं. ते काही नव्हतंच असं म्हणणं म्हणजे तिचं दुखणं पुसून टाकणं झालं असतं, आणि ज्या मुलानं ‘हात’ लिहून ठेवलं त्याची ती नोंदही. विनाशर्त स्वीकार म्हणजे प्रत्येक कृतीला संमती, असा घोटाळा शिकणाऱ्यांचा नेहमी होतो. स्वीकार माणसाचा असतो: ज्यानं हे केलं, ज्याला याची लाज वाटते, जो आत्ता वही धरून बसलाय, त्या सबंध माणसाचा. त्यातला चांगला तेवढा निवडून घेतला तर तो स्वीकार राहत नाही.

थोड्या वेळानं ते म्हणाले, “तुम्ही ‘जाऊ द्या’ म्हणाला नाहीत.”

“नाही.”

“बरं केलंत.”

मग माझ्याकडे न बघता त्यांनी त्या रात्रीबद्दल आणखी सांगितलं: त्या आठवड्यात किती झोप झाली होती, भावाला ‘दोन दिवस ये’ असा फोन केला होता, तो आला नव्हता, आणि आपणही पुन्हा म्हटलं नाही. भावावरचा राग पहिल्यांदाच ‘त्याच्या अडचणी असतात’ या वाक्याच्या बाहेर आला. वहीतल्या त्या शब्दाभोवतीची परिस्थिती आता त्यांना दिसू लागली होती. तो शब्द पुसावा, असं मात्र त्यांना वाटत नव्हतं.

आई आधीच गेली होती

सगळ्यात खालचा थर मला अपेक्षित नव्हता असं म्हणणार नाही. स्मृतिभ्रंशात माणूस समोर असतं पण ओळखीतून निघून जातं. या प्रकारच्या दुःखाला अमेरिकन संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात संदिग्ध वियोग असं नाव दिलं. ते मला माहीत होतं. पण नाव माहीत असलं की ते चिकटवायचा मोह होतो, आणि मग माणूस आपलं दुःख सांगायचं सोडून आपली व्याख्या तपासत बसतो. मी ते मनात मागे ठेवलं.

ते स्वतःच तिथे पोचले. “एक दिवस आईनं मला ‘तुम्ही’ म्हटलं,” ते म्हणाले. “तुम्ही कोण, तुम्ही जेवलात का. खूप मायेनं विचारलं. परक्या माणसाला विचारावं तसं. तिथून पुढे ती मला तुम्हीच म्हणत होती. आई त्या दिवशी गेली मॅडम. आणि त्यानंतर दोन वर्षं मी तिचं सगळं करत होतो, रडायला जागाच नव्हती.”

मी म्हटलं, “ती गेली होती आणि तुम्हाला तिच्यासाठी रडता येत नव्हतं, कारण ती समोर होती.”

“समोर होती, आणि तिला भरवायचं होतं.”

त्या दिवशीचं त्यांचं रडणं आधीसारखं नव्हतं. आधी लाज होती. आता आई हवी होती. ‘सुटलो’ या भावनेला उत्तर मिळालं ते इथे. ती भावना खोटी ठरली नाही, तिची क्षमाही करावी लागली नाही. तिच्याजवळ दुसरी एक भावना येऊन बसली, जिला इतकी वर्षं वेळच मिळाला नव्हता. मी ‘स्वाभाविक आहे’ म्हणून पहिल्या भावनेचं दार लावलं असतं, तर इथवरची वाट बंद झाली असती असं मला ठामपणे वाटतं.

माणसाच्या बोलण्यात हा बदल कसा होत जातो, याचंही वर्णन रॉजर्स यांनी १९५८ मध्ये सात टप्प्यांत केलं. सुरुवातीला माणूस बाहेरच्या गोष्टींबद्दल आणि नियमांबद्दल बोलतो, मग आपल्या जुन्या भावनांबद्दल, दुरून. आणि पुढे भावना बोलता बोलता, त्याच क्षणी अनुभवतो. ह्या गृहस्थांच्या अहवालापासून रडण्यापर्यंतचा प्रवास साधारण तसाच झाला. सरळ रेषेत नव्हे. मध्ये दोनदा ते पुन्हा औषधांच्या वेळांवर गेले होते, आणि मीही त्यांच्याबरोबर तिथेच राहिले.

मर्यादा

प्रत्येकाला हीच वाट चालेल असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये मध्यम आणि तीव्र नैराश्याच्या ५१० रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २०२१ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर व्यक्तिकेंद्रित-अनुभवात्मक समुपदेशन हे सीबीटीपेक्षा, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीपेक्षा, कमी पडलेलं दिसलं नाही. बारा महिन्यांनंतर मात्र ते मागे पडत असावं, असे संकेत होते. आमच्यासारख्यांनी पहिला निष्कर्ष सांगताना दुसराही सांगायला हवा. ह्या गृहस्थांच्या विचारांत मरणाची योजना दिसली असती, भ्रम किंवा व्यसन असतं, किंवा काम करणं पूर्ण थांबलं असतं, तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून त्यांच्याबरोबरीनं काम केलं असतं. औषध आणि हे बोलणं यांत वैर नाही.

दुःख लांबल्याचं निदान करायचं का, हाही प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, त्यासाठी किमान सहा महिने जाऊ देते, अमेरिकेतली मानसिक आजारांच्या निदानाची पुस्तिका, डीएसएम-५-टीआर, प्रौढांसाठी बारा. ते आले तेव्हा पाचच महिने झाले होते. मी लक्ष ठेवलं, शिक्का मारला नाही.

शेवटी कुठे होते

काही महिन्यांनी, त्यांच्याच सूचनेवरून, आम्ही भेटींतलं अंतर वाढवलं. डॉक्टरांनी प्रश्नावली पुन्हा भरून घेतली तेव्हा नवव्या प्रश्नापुढे ‘कधीच नाही’ होतं आणि एकूण गुण सौम्य पातळीवर आले होते. छातीवरचं दडपण क्वचित येतं. अडीचची जाग पूर्ण गेलेली नाही. पण आता ते बसून राहत नाहीत, बहुतेक वेळा पुन्हा झोप लागते.

भावाला त्यांनी फोन केला. तो मी सुचवला नव्हता. समेट करायला नव्हे, ‘तू आला नाहीस’ एवढं सांगायला केला. बोलणं वाईट झालं, भावानं फोन ठेवला. पुढच्या भेटीत ते याबद्दल दुःखी होते, पण ते वाक्य मागे घ्यायची त्यांची तयारी नव्हती. तो संबंध अजून तसाच ताणलेला आहे.

मनगटाची गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली. ते चूक होतं असं त्यांना अजून वाटतं, आणि तसं वाटत असतानाही आपण आईचं मनापासून केलं हेही त्यांना आता म्हणता येतं. श्रावणबाळ म्हणणाऱ्या एका नातेवाइकाला त्यांनी सांगितलं, “फार अवघड होतं हो, मी चिडायचोसुद्धा.” नातेवाईक गडबडला आणि मग आपल्या वडिलांबद्दल बोलू लागला.

पहिलं वर्ष पूर्ण होण्याच्या सुमाराला झोप आणि दडपण पुन्हा बिघडू शकतं, आणि बिघडलं तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असं समजायचं कारण नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या आठवड्यातली एक वेळ त्यांनी आत्ताच मागून घेतली.